कॉम्प्युटरनं नावानं हाक मारली तेव्हा

आज कर्जफेडीचा, पापडाचा किंवा मुद्रा योजनेचा विषय नाही. आज मी एका भुताच्या खेळाबद्दल बोलणार आहे. हसू नका. या खेळापायी माझ्या भाचीची उन्हाळ्याची सुट्टी, तिचा एमएस-सीआयटीचा कोर्स आणि आमच्या गटाचा कॉम्प्युटर, तिन्ही गोष्टी धोक्यात आल्या होत्या. तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर आज ना उद्या असं काही तुमच्याही दारात येईल.

भाची दहावीचा शेवटचा पेपर देऊन आमच्याकडे जरीपटक्याला राहायला आली. कुही तालुक्यातलं त्यांचं गाव, तिथे कॉम्प्युटर क्लास नाही. माझ्या घरी गटाचा कॉम्प्युटर आहे, त्यावर आम्ही जमाखर्च लिहितो. यंत्र जुनं, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं. विंडोज 10 ची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली आणि नवं विंडोज अशा जुन्या यंत्रांवर नीट बसत नाही. म्हणून दुरुस्तीवाल्या मुलानं आम्हाला त्यावर लिनक्स टाकून दिलं. एक पैसा लागला नाही. लिनक्सबद्दल थोडं पुढे सांगते.

भाची आल्याबरोबर मी शहाणपणानं एक गोष्ट केली. तिच्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं उघडलं, तिच्या नावाचं. गटाचे हिशेब माझ्या खात्यात, तिचा अभ्यास तिच्या खात्यात. नंतर जे रामायण घडलं, त्याचं बी मीच पेरलं होतं ते असं.

एप्रिलचा महिना, नागपूरचा उन्हाळा. आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो आणि ती खाली कूलरसमोर. रात्री अकराच्या सुमारास किंकाळी ऐकू आली. धावत खाली गेलो तर लाइट बंद, कानात हेडफोन, पोरगी भिंतीला चिकटून बसलेली. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "मावशी, त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली."

पुढचे तीन दिवस तिनं लाइट बंद करू दिला नाही. बाथरूमला एकटी जाईना. ताटातलं अन्न चिवडायची आणि उठून जायची. चौथ्या दिवशी माझी बहीण आणि तिची सासू पहिल्या बसनं येऊन दाखल झाल्या. आजींनी दारातूनच पोरीकडे पाहिलं आणि निकाल दिला, "हिले बाहेरचं लागलं." गावाजवळ झाडफूक करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे न्यायचं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. कोर्स वगैरे नंतर बघू. बहिणीनं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, बाकी सगळं सोड. मशीनले तिचं नाव कसं काय मालूम?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मलाही उत्तर येत नव्हतं.

आधी खेळ काय होता ते सांगते. त्याचं नाव 'डोकी डोकी लिटरेचर क्लब'. अमेरिकेतल्या डॅन साल्वाटो या माणसानं आणि त्याच्या छोट्या चमूनं तो 2017 च्या सप्टेंबरात काढला आणि फुकट वाटला. तो डाउनलोड करणं चोरी नाही, हे आधीच सांगते, कारण माझा पहिला संशय तोच होता. चित्रं बघाल तर जपानी कार्टूनसारखी: मोठ्या डोळ्यांच्या चार शाळकरी मुली, गुलाबी रंग, कवितेचं मंडळ. तुम्ही त्या मंडळात नवे. रोज थोडे शब्द निवडून कविता करायची, मुली बोलतात ते वाचायचं, अधूनमधून काय उत्तर द्यायचं ते ठरवायचं. कित्येक तास असंच गोडगोड चालतं. आई मागून डोकावली तर म्हणेल, बरं झालं, पोरगी इंग्रजी वाचतेय.

आणि मग खेळ फिरतो. संगीत बेसूर होतं. अक्षरं विस्कटतात. साठवून ठेवलेला खेळ आपोआप पुसला जातो. एक मुलगी कथेतून नाहीशी होते आणि बाकीच्या अशा वागतात जणू ती कधी नव्हतीच. शेवटी मोनिका नावाची मुलगी सरळ पडद्याबाहेर, खेळणाऱ्याकडे बघून बोलू लागते. खेळाच्या सुरुवातीला नाव विचारतात, तिथे भाचीनं गंमत म्हणून एका हिरोचं नाव टाकलं होतं. मोनिका तिला विचारते, तुझं खरं नाव तर हे आहे ना? आणि पडद्यावर भाचीचं खरं नाव.

आपल्या झाडीपट्टीतल्या बाया हे चटकन समजतील. वडसा-देसाईगंजकडची नाटकं तुम्ही पाहिली असतील, दिवाळी सरली की मंडप पडतात आणि रात्रभर चालतात. समजा नाटकातला दुष्ट माणूस संवाद म्हणता म्हणता थांबला, स्टेजच्या कडेला आला आणि तुमच्याकडे बोट करून म्हणाला, "तिसऱ्या रांगेतल्या अमक्या बाई, तुमचं घर उघडं राहिलंय." अंगावर काटा येईल की नाही? तो राक्षस असता तर तुम्ही भ्यायल्या नसता, राक्षस स्टेजवर असतो. भीती वाटते ती त्यानं तुम्हाला ओळखलं याची. अशा खेळांना सायकॉलॉजिकल हॉरर म्हणतात, म्हणजे मनाशी खेळणारा भयपट म्हणा. अंगावर धावून येणारं भूत त्यात कमी असतं. आपला भरवसा ज्या गोष्टींवर असतो त्याच एकेक करून ढिल्या करायच्या, ही त्याची रीत.

आता नाव कसं कळलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काकू, तो लॉगिनचं नाव वाचतो." मी म्हटलं, मला समजेल असं सांग. त्यानं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

कॉम्प्युटर म्हणजे घर समजा. त्यात स्क्रीन आहे, आवाज आहे, कागदपत्रं ठेवायचं कपाट आहे. पण घर आपोआप चालत नाही, घरात एक कर्ती बाई लागते. कोणाला कधी पाणी, कोणाला कोणती खोली, कपाटाची किल्ली कोणाकडे, हे ती ठरवते. ही कर्ती बाई म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. तुम्ही जो प्रोग्राम उघडता, हिशेबाचा असो की खेळाचा, तो पाहुणा. त्याला स्क्रीनवर चित्र काढायचं तरी या बाईला विचारावं लागतं. आणि पाहुणा तिला हेही विचारू शकतो, आत्ता घरात कोण बसलंय? ती सांगते. कारण लॉगिनचं नाव हे गुपित नसतं, ते दारावरच्या पाटीसारखं असतं. पासवर्ड हे गुपित, नाव नाही. बहुतेक प्रोग्राम हे नाव तुमच्या फाइली कुठे ठेवायच्या यासाठी वापरतात. या खेळानं ते पोरीच्या तोंडावर फेकलं, एवढाच फरक.

म्हणजे मी दारावर पाटी लावली आणि भुतानं ती वाचली.

आजींना हे पटलं नाही, आणि त्यांचं काय चुकलं? मला तरी ते कुठे डोळ्यांनी दिसलं होतं? मग मी म्हटलं, पडताळून बघू. आपण भात शिजला की नाही ते शित दाबूनच बघतो ना. मी कॉम्प्युटरवर आणखी एक खातं उघडलं. लिनक्समध्ये खात्याचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत लिहावं लागतं. काय नाव द्यायचं? समोर डब्यात भाकरी होती. मी 'भाकर' टाकलं. खेळाचं फोल्डर त्या खात्यात नव्यानं ठेवलं आणि दुपारी दोनला आम्ही चौघी कॉम्प्युटरसमोर बसलो. भाची माझ्या मागे, माझा पदर धरून. आजी सुपात चिंच घेऊन चिंचोके काढत.

खेळ पहिल्यापासून सुरू झाला, कारण जुना खेळ भाचीच्या खात्यात साठवलेला होता, भाकरच्या खात्यात नाही. हीसुद्धा एक खूणच होती. भुतानं धरलंच असतं तर ते खातं बघून धरलं असतं का? जिथे मजकूर पुढे पळवता येतो तिथे पळवला. बहीण अधूनमधून विचारायची, "काय म्हणते थे?" आणि भाची सांगायची. सांगता सांगता तिचा आवाज जरा मोकळा झाला, हे मी पाहिलं. साडेचारच्या पुढे ती जागा आली. मोनिका म्हणाली, तुझं खरं नाव 'भाकर' आहे ना?

क्षणभर कोणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "भुताले भूक लागली काय व? भाकर मांगते!"

पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. चार दिवसांनी हसली.

अजून एक गोष्ट बाकी होती. खेळाच्या फोल्डरमध्ये एक छोटं फोल्डर असतं, त्यात त्या मुलींच्या नावाच्या फाइली असतात. मोनिकाची फाइल त्यातून पुसली की ती जाते. खेळाची रचनाच तशी आहे, पुढे जायचा रस्ता तोच. मी माउस भाचीच्या हातात दिला. तिनं फोल्डर उघडलं, फाइलवर गेली, थोडी थांबली, आणि पुसली. पडद्यावर मोनिका तुटत, विस्कटत नाहीशी झाली. काही केबी आकाराची फाइल होती ती. तुमच्या मोबाइलमधला सुप्रभातचा एक फोटो तिच्यापेक्षा मोठा असतो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या रात्री भाची माझ्याजवळ गच्चीवर झोपली आणि तिनं खरा घोर सांगितला. तो नावाचा नव्हताच.

या खेळात सायोरी नावाची एक हसरी मुलगी आहे, बालपणची मैत्रीण. मध्येच ती सांगते की आपल्याला आतून फार वाईट वाटतं, कित्येक वर्षांपासून, सकाळी उठावंसं वाटत नाही. मग खेळ विचारतो, तू तिला काय उत्तर देशील? तुम्ही एक उत्तर निवडता. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपला जीव देते. भाची म्हणाली, "मावशी, मी परत मागे जाऊन दुसरं उत्तर दिलं. तरी ती गेलीच. मी काय बोलायला पाहिजे होतं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न सोळा वर्षांच्या पोरीनं चार दिवस एकटीनं वागवला, आणि आम्ही मोठी माणसं भूत शोधत होतो.

मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते. खेळ लिहिणाऱ्यानं तो असाच लिहिला आहे. कोणतंही उत्तर दिलं तरी पुढचं पान तेच. खेळणाऱ्याला हतबल वाटावं म्हणून दोन दारं दाखवायची आणि दोन्ही एकाच खोलीत उघडायची, ही लेखकाची युक्ती. खऱ्या माणसाचं पुढचं पान कोणी छापून ठेवलेलं नसतं. खऱ्या मैत्रिणीनं असं सांगितलं तर तुम्ही एका वाक्यावर अडकत नाही. तुम्ही तिच्याजवळ बसता, तिला एकटं सोडत नाही, मोठ्या माणसाला सांगता, डॉक्टरकडे नेता. आणि "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं सरळ विचारलं तर तो विचार तिच्या डोक्यात नव्यानं शिरेल, ही आपली समजूत चुकीची आहे. विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. मग मी भाचीला तेच सरळ विचारलं. ती म्हणाली, नाही मावशी, मला तसं काही वाटत नाही, पण माझ्या वर्गातली एक मुलगी आहे. त्या मुलीबद्दल मी इथे काही सांगणार नाही. एवढंच सांगते की बहिणीनं गावी गेल्यावर तिच्या आईची गाठ घेतली.

फोन नंबर लिहून घ्या: 14416. टेली-मानस ही सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, रात्री-बेरात्रीही लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर. नागपुरात मेडिकलमध्ये आणि मेयोत मानसिक आजारांचा विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. बीपी तपासायला जातो तसं जायचं.

आणि झाडफुकीबद्दल. आजींचा राग करायचं कारण नाही, पोर कोमेजलेलं पाहून त्यांचा जीव तुटत होता. मीठ-मोहरीनं दृष्ट काढली तर पोराला बरंही वाटतं, कोणीतरी आपली काळजी घेतंय एवढं कळतं. पण भूत काढतो म्हणून बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं, हा आपल्या महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. अशा कायद्यासाठी झटणाऱ्या चळवळीचं एक मोठं केंद्र आपलं नागपूर. घाबरलेल्या मुलीला त्या धुरीत बसवलं असतं तर तिला नक्की कशाची भीती बसली असती, हा विचार मला अजूनही येतो.

खेळानं एवढी भीती का वाटते, हेही थोडं समजून घ्या. डोळ्याला कळत असतं की हे चित्र आहे. पण धोक्याची चाहूल लागली की मेंदूचा एक जुना भाग आधी घंटा वाजवतो, छाती धडधडते, हात थंड पडतात, आणि विचार करणारा भाग मागून धापा टाकत येतो. दोरीला साप समजून आपण आधी उडी मारतो, मग बघतो. अंधार, हेडफोन आणि जागरण, या तिघांनी मागून येणाऱ्याला आणखी उशीर होतो. खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. स्वीडनमधल्या एका कंपनीचा 'अम्नेशिया' नावाचा खेळ आहे, 2010 चा. तो सुरू करतानाच सांगतो की दिवे मालवा, हेडफोन लावा. जुन्या किल्ल्यात एक माणूस स्मृती गमावून जागा होतो, हातात कंदील. शस्त्र काहीच नाही, फक्त पळायचं आणि लपायचं. अंधारात जास्त वेळ राहिलं की त्याचं डोकं फिरू लागतं, पडदा डुगडुगतो, किडे दिसतात. उजेडात राहावं तर कंदिलातलं तेल संपतं. एका तळघरात पाण्यातला प्राणी दिसतच नाही, फक्त पाणी उडताना दिसतं, चपक चपक, तुमच्याकडे येणारं. दुरुस्तीवाल्या मुलानं मला तो दाखवला. मी पन्नाशीची बाई, दुपारी बारा वाजता खुर्चीवरून उठले आणि चहा ठेवायला गेले.

तो मजेनं खेळतो आणि रात्री घोरतो. सगळ्यांचं मन सारखं नसतं. काहींना आकाशपाळण्यात बसायला आवडतं, काहींना भोवळ येते. म्हणून मी असे खेळ सरसकट वाईट म्हणणार नाही. आपणही लहानपणी आजीकडून हडळीच्या गोष्टी मागून मागून ऐकल्याच की. पण आजी पोराचं तोंड बघून गोष्ट कमी-जास्त करायची. खेळाला तोंड दिसत नाही. 'डोकी डोकी' सुरू होतानाच सूचना येते की हा लहान मुलांसाठी किंवा लवकर अस्वस्थ होणाऱ्यांसाठी नाही. भाचीनं ती न वाचता पुढे ढकलली, आपण बँकेचे कागद न वाचता सही करतो तशी. ज्या पोराचं मन आधीच खचलेलं आहे, घरात नुकतं कोणी गेलं आहे, परीक्षेत अपयश आलं आहे, त्याच्या हाती हा खेळ पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा घाबरण्याला लगेच 'गेमचं व्यसन' म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटना ज्याला आजार म्हणते त्यात खेळापुढे अभ्यास, जेवण, माणसं सगळं मागे पडतं, आणि साधारण वर्षभर तसं चालतं. पैसे लावून खेळायचे खेळ तर वेगळीच बाब. त्यांच्यावर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्यानं बंदी आली आहे. तिथे भूत नसतं, पण घर बुडतं.

आता लिनक्सबद्दल, कारण गटातल्या बायांनी मला कोंडीत पकडलं. म्हणाल्या, हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं म्हणून असं झालं, विंडोज असतं तर झालं नसतं. चूक. हा खेळ विंडोजवरही तस्संच नाव वाचतो.

लिनक्स 1991 मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कोणीही वाचा, सुधारा, वाटा. बियाणं राखून शेजारणीला द्यावं तसं. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं याच्यावरच शिकतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं 2007 मध्ये 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स काढलं, त्यात मराठीही आहे.

पूर्वी लिनक्सवर खेळ चालत नाहीत अशी तक्रार असायची, आणि ती खरी होती. खेळ विंडोजसाठी लिहिलेले, ते विंडोजच्या भाषेत मागणी करणार, लिनक्सला ती कशी कळावी? मग दुभाषी आले. आमच्या जरीपटक्यात हे रोज दिसतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली. दुकानात मालकीणबाई सिंधीत बोलतात, खेड्यातून आलेल्या आजी वऱ्हाडीत भाव करतात, आणि काउंटरवरचा पोरगा इकडचं तिकडे करतो. माल तोच, पैसे तेच. 'वाइन' हा 1993 पासूनचा असाच दुभाषी प्रोग्राम आहे. 2018 मध्ये स्टीम या खेळांच्या मोठ्या दुकानानं त्याच्यावरच 'प्रोटॉन' उभा केला, आणि विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. 'अम्नेशिया'ला तर दुभाषीही लागत नाही, तो पहिल्यापासून लिनक्ससाठीही निघाला होता.

'डोकी डोकी' चालवायला भाचीला एक पायरी करावी लागली होती. लिनक्स बाहेरून आणलेली फाइल लगेच चालू देत नाही. फाइलवर उजवं क्लिक करून 'हिला प्रोग्राम म्हणून चालू द्या' अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी लागते. ही खूण म्हणजे अनोळखी पाहुण्याला दार उघडणं. कोणी दिलं, कुठून आणलं, हे विचारल्याशिवाय ती करायची नाही, एवढा नियम आता आमच्या घरात आहे. फुकटात मिळालेल्या चोरीच्या खेळांतून पासवर्ड पळवणारे प्रोग्राम येतात. लिनक्सला काही होत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लिनक्समध्ये एका खात्यातला प्रोग्राम मुख्य पासवर्डाशिवाय यंत्राच्या गाभ्याला सहसा हात लावू शकत नाही. पण ज्या खात्यात तो चालतो त्या खात्यातल्या सगळ्या फाइली त्याच्या हाताशी असतात. म्हणून हिशेबाच्या खात्यात खेळ नाही. हिशेबाच्या खात्याला पासवर्ड आहे आणि त्याची फाइल दर महिन्याला पेन ड्राइव्हवर उतरते. ती पेन ड्राइव्ह सचिव बाईंच्या डब्यात. शिवाय 'टाइमकेपर' नावाचा एक फुकट प्रोग्राम टाकला आहे, तो ठरलेल्या वेळेनंतर भाचीचं खातं बंद करतो. साडेनऊ ही वेळ तिनंच सुचवली. मी नऊ म्हणत होते.

तिला परत न्यायचं की नाही, यावर घरात एक संध्याकाळ चर्चा झाली. भाऊजी फोनवर म्हणाले, मुलींना कॉम्प्युटर कशाला, झालं ना काय ते. बहीण ऐकत होती. मग म्हणाली, "पोरगा भेला असता तर त्याचं मशीन बंद केलं असतं का तुम्ही?" पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. भाची राहिली. एमएस-सीआयटी पूर्ण झालं. कॉम्प्युटर आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत आला, पडदा दाराकडे तोंड करून.

आजी जाताना चिंचेचा गोळा ठेवून गेल्या. 'भाकर'चं खातं मी अजून काढलेलं नाही. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर तीन नावं येतात, गटाचं, भाचीचं आणि ते. बैठकीला नवी बाई आली की विचारतेच, ही भाकर कोण?